हिरवा ठिपका

मी एक जुना टॅब्लेट आहे. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि आता मी अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका वृद्धाश्रमाच्या कपाटात पडून असतो.

मित्रांनो, साथीच्या वर्षी आश्रमाची दारे बंद झाली, तेव्हा मला भलताच भाव आला. होदन नावाची सेविका मला स्पिरिटने पुसून खोलीखोलीत नेई. प्रत्येकाला सात मिनिटे. तेवढ्यात लेकरांची तोंडे पाहायची.

सहा नंबरच्या वर्नाआजींची धाकटी लेक पॉलेट रोज फोटो टाकी. घरी भाजलेला पाव, अंगणातला तंबू, हसरी मुले. आजी हरखून जात आणि लगेच थोरल्या मार्लिसला फोन लावत. "पॉलेटचा पाव बघितलास? तू काय केलंस गं आज?"

मार्लिसची हॉटेलातली नोकरी गेली होती. तीही दिवसभर तेच फोटो बघत झुरत बसे. हळूहळू तिने आईचा फोन उचलणे सोडले. ते फोटो आजींना मीच दाखवत होतो, याची मला अजून लाज वाटते.

एप्रिलमधल्या एका दुपारी आजींना धाप लागली. रुग्णवाहिका बोलावली गेली. होदनने घाईने मार्लिसला फोन लावला. तिच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे ती तिकडे ऑनलाइनच होती.

"आहे ना ती? मग उचलत का नाही?"

"उचलेल हो आजी. तुम्ही बोलू नका, श्वास घ्या."

एकदा झाले, दोनदा झाले. आजींचे ओठ निळे पडू लागले. होदनने लिहिले, 'आईला दवाखान्यात नेताहेत. आत्ता उचल.'

या वेळी फोन उचलला गेला, पण माझ्या काचेवर नुसता काळोख. मार्लिसने कॅमेऱ्यावर बोट धरले होते.

"आई, मला नको बघूस. केस वाढलेत, घराचा उकिरडा झालाय. मी नाही गं पॉलेटसारखी."

"मेले, पाव बघायला फोन केलाय का मी? बोट काढ आधी!"

बोट निघाले. रडून सुजलेला तो चेहरा आजी डोळे भरून पाहत राहिल्या.

"माझंच चुकलं गं," त्या म्हणाल्या. "मला तूच हवी होतीस." तेवढ्यात माणसे त्यांना न्यायला आली.

आजी परतल्या नाहीत.

मित्रांनो, दुसऱ्याच्या फोटोवरून आपले घर मोजू नका. आपल्या माणसाचा फोन आला, तर केस विंचरत बसू नका, उचला. मार्लिसला शेवटी चार मिनिटे मिळाली. त्याआधी न उचललेले सतरा फोन माझ्या यादीत अजून तसेच आहेत. ते पुसायचा होदनला धीर झाला नाही.