पट्टीवरची खाच

दादांनी डाव्या हातानं खोक्याचं झाकण उघडलं, आतला मदरबोर्ड कडांना धरून अलगद बाहेर काढला आणि काउंटरवरच्या रबरी चटईवर ठेवला. उजवा हात अजून म्हणावं तसं ऐकत नव्हता. तो त्यांनी चटईच्या कडेला नुसता टेकवला होता, कागद उडू नयेत म्हणून वजन ठेवावं तसा.

“काकू, यांना कॉम्प्युटरवर नक्की काय करायचंय?” दुकानदारानं माईंना विचारलं.

सात महिने हे असंच चाललं होतं. डॉक्टर, बँकेतल्या बाई, वरच्या मजल्यावरचे शेजारी, सगळेच दादांबद्दलचे प्रश्न माईंना विचारत आणि माई उत्तरं देऊन मोकळ्या होत. अर्धांगवायूचा झटका ओसरला, पाय चालू लागला, पण दादांच्या शब्दांची घडी विस्कटली ती विस्कटलीच. चमचा हवा असला की ते खिडकी मागत. वर्तमानपत्राला उशी म्हणत. माईंनी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. चुकीचा शब्द कानावर पडला की बरोबर शब्द त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडे. “चमचा,” त्या म्हणत. दादा मान डोलावत आणि गप्प होत. हल्ली ते गप्पच जास्त असत.

घरचा जुना कॉम्प्युटर दादांनी स्वतः सुटे भाग आणून जोडला होता. जन्मभर नकाशे काढलेला माणूस. निवृत्तीनंतरही त्यांचं नकाशांचं वेड सुटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात तो कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा मुलानं फोनवर सांगितलं की मी तयार मशीन पाठवतो, दादांना आता निवडानिवड झेपायची नाही, चारचौघांत उगाच त्यांची फजिती नको. माईंना ते पटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर दादा बूट घालून दाराशी उभे.

“बाजार,” ते म्हणाले.

हा शब्द चुकलाय की बरोबर आहे, हे माईंना कळेना. त्या मुकाट्यानं त्यांच्याबरोबर निघाल्या. दुकानात ते अडले की आपण पुढं व्हायचं, एवढं मात्र त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

आता त्या पुढं झाल्या आणि पत्रं लिहायला, मुलाशी बोलायला, असं काहीबाही सांगू लागल्या. दादांनी मान हलवली.

“रस्ते.”

“नकाशे म्हणायचंय त्यांना,” माई घाईनं म्हणाल्या.

दुकानदारानं सगळ्यात दांडगा प्रोसेसर पुढं केला. दादांनी तो बोटानं मागं सारला. “हत्ती,” ते म्हणाले, “नको.” दुकानदार हसला आणि त्याच्या खालचा काढला. मग दादांनी दोन बोटं जवळजवळ धरून “जुळी” म्हटलं. माईंना अर्थ लागेना, पण दुकानदाराच्या लक्षात आलं. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन सारख्या लावल्या की काम भराभर होतं, काकांचं बरोबर आहे, असं तो माईंना समजावून सांगू लागला. अजूनही माईंनाच.

तेवढ्यात आणखी दोन गिऱ्हाइकं आली. दुकानदारानं फळीवरून पट्ट्यांचं पाकीट ओढलं, फोडलं आणि दादांच्या पुढ्यात ठेवलं. दादांनी एक पट्टी उचलून उजेडाकडं धरली. मग बोर्डाकडं पाहिलं. मग पुन्हा पट्टीकडं.

“दात,” ते म्हणाले. “दात चुकला.”

मागचं गिऱ्हाईक घड्याळ बघत होतं. माईंच्या कानशिलांना ऊब चढली.

“बसते ती, काका. जरा जोर लावून दाबावी लागते,” म्हणत दुकानदारानं हात पुढं केला.

दादांनी पट्टी दिली नाही.

“अहो, द्या ना त्यांना,” माई हलक्या आवाजात म्हणाल्या.

“नाही.”

हा शब्द स्वच्छ आला. दादांनी पट्टी बोर्डावरच्या फटीला लावून आडवी धरली, दाबली मात्र नाही. उजवा हात त्यांनी सावकाश उचलला, तो थरथरला, तरी अंगठ्याचं नख त्यांनी पट्टीच्या खाचेवर नेलं आणि तिथून फटीतल्या उंचवट्यावर. दोहोंत फार तर चार मिलिमीटरचं अंतर होतं.

दुकानदार चष्मा लावून खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्यानं मदरबोर्डाचं खोकं फिरवून पाहिलं.

“माझीच चूक,” तो म्हणाला. “या बोर्डाचे दोन प्रकार येतात. नाव तेच, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं. हा नव्या पट्ट्यांचा, आणि मी काढल्या जुन्या. दाबली असती तर बोर्डही गेला असता.”

माईंनी खोकं हातात घेतलं. अक्षर ठळक छापलेलं होतं आणि इतका वेळ त्यांच्याच बाजूला होतं. त्यांनी खोकं खाली ठेवलं, मागचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या, आणि पुसतच राहिल्या. हात थांबवला तर डोळे वाहतील, असं काहीसं झालं होतं. पण वाईट वाटत नव्हतं. घट्ट बूट दिवसभर घालून संध्याकाळी पाय मोकळे व्हावेत, तसं वाटत होतं.

दुकानदारानं बरोबरच्या पट्ट्या आणल्या. मग तो काउंटरवर कोपरं टेकून दादांसमोर वाकला.

“काका, पंखा कुठला देऊ?”

“मांजर.”

माईंच्या ओठांवर शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. दुकानदारानं क्षणभर विचार केला, वरच्या फळीवरचा, अजिबात आवाज न करणारा पंखा काढला, आणि दादांनी समाधानानं मान डोलावली.

घरी जोडणीला तीन दिवस लागले. दादा “तांदूळ” म्हणाले की माई वाटीतला स्क्रू पुढं करत, कसला तांदूळ ते न विचारता. तिसऱ्या दिवशी दुपारी पडदा उजळला. दादांनी शहराचा अर्धवट राहिलेला नकाशा उघडला आणि जेवायला उठायचं विसरले.

चार वाजता फोन वाजला. दुकानदार होता. एका गिऱ्हाइकाला मशीन बांधून द्यायचंय, दोन पॉवर सप्लायमध्ये मन ठरत नाही, काकांचं मत हवं होतं.

“थांबा, विचारून सांगते,” माई सवयीनं म्हणाल्या. बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीपर्यंत जाताना त्यांची चाल मंदावली. त्यांनी फोन दादांच्या डाव्या हातात दिला. दादांनी तो कानाला लावला नाही. ते माईंकडं बघत राहिले.

“तुमचा आहे,” माई म्हणाल्या.

त्या गॅलरीत गेल्या आणि दार मागं ओढून घेतलं. आतून दादांचा आवाज येऊ लागला. शब्द कळत नव्हते. आवाज अडत होता, थांबत होता, पुन्हा सुरू होत होता, आणि मग मध्येच दादा हसले.

दोरीवरचे कपडे अजून दमटच होते. तरी माईंनी एकेक काढून घडी घालायला घेतली.