ठाणेदाराचा दुपट्टा

दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी कारंजा (घाडगे) इथे, महामार्गावरच्या एका ढाब्यासमोर ठाणेदार कोसळला.

ठाणेदार हा तीन वर्षांचा पग. चपट्या तोंडाचा, कपाळभर सुरकुत्यांचा. झोपला की अख्ख्या घराला ऐकू जाईल असा घोरायचा, म्हणून महादेवरावांनी हे नाव ठेवलं होतं. “काय झोप लागते लेकाले,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत. ती झोप नव्हे, श्वासाची ओढाताण आहे, हे नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी मागच्या महिन्यात सांगितलं. नाकपुड्या फटीएवढ्या, टाळूचा मागचा भाग लांबून घशात उतरलेला. ऑपरेशन आज चार वाजता ठरलं होतं.

सकाळची भाड्याची गाडी ऐन वेळी रद्द झाली. अमरावतीहून नागपूरला परतणारी दुसरी गाडी त्यांना कारंजात घेणार होती. तेव्हा महादेवराव आणि त्यांची नात अंकिता ठाणेदाराला घेऊन गावातून स्कूटीवर निघाले. मे महिन्याचं ऊन. अंकितानं तोंडाला दुपट्टा बांधला, आजोबांनीही बांधला. मग त्यांनी मांडीवरच्या ठाणेदारालाही ओला दुपट्टा गुंडाळला. डोक्यावरून, नाकावरून, फक्त डोळे उघडे. इकडे उन्हात निघणारा माणूस असाच बांधतो.

रस्त्यात एका मोटरसायकलवाल्यानं तर व्हिडिओच काढला.

“आबाजी, तिसरी सवारी कोन हो?”

“नवरदेव हाये. नाकाचं ऑपरेशन करून आनतो, मंग पोरगी पाहू.”

ढाब्यापाशी उतरल्यावर नवरदेव दोन पावलं चालला आणि आडवा झाला. अंकितानं दुपट्टा ओढून काढला. जीभ जांभळी पडली होती.

“आबाजी, नाक काऊन बांधलं याचं?”

“अवं, उन्हाची लू लागंन म्हनून...” महादेवराव त्याच्यापाशी खाली बसले.

ढाबेवाले बंडूजी धावत आले, त्यांच्यामागे निम्मा ढाबा. एकानं कांदा फोडला, दुसऱ्यानं पन्ह्याचा गिलास पुढे केला. अंकितानं डॉक्टर मॅडमना फोन लावून झालं ते सांगितलं आणि स्पीकर सुरू केला.

“तोंडात काहीही घालू नका! कुत्रा तोंडानं धापा टाकूनच अंग थंड ठेवतो, तेच बंद झालंय. अंगावर साधं पाणी ओता, जोराचा वारा लावा. मान सरळ ठेवा, जीभ बाहेर घ्या.”

“ऐकलं का? तो कांदा ठेव तिकडं!” बंडूजी ओरडले. “पोट्टेहो, कूलर ओढा इकडे!”

चौघांनी लोखंडी कूलर फरफटत आणला. ठाणेदाराला खाटेवर ठेवलं. अंकितानं दोन बोटांनी जीभ धरून ठेवली, महादेवराव तांब्यानं पाठीवर, पोटावर पाणी ओतत राहिले. आणि मग घशातून तो आवाज आला. घर्र. पुन्हा घर्र.

“आला! ठाणेदार ड्युटीवर आला!” महादेवराव ओरडले.

ढाबाभर टाळ्या वाजल्या. त्या थांबायच्या आत लाईन गेली. कूलरचं पातं गरगरत मंदावलं आणि थांबलं.

जेवणारे उठले. ताटं, पुठ्ठे, पंचे, हाताला येईल त्यानं लोक वारा घालू लागले. ठरवलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावला, तो अजून तासभर मागे, मोझरीलाच होता. तेवढ्यात पोळी अर्धवट टाकून गुलाब नावाचा ट्रकवाला पुढे आला.

“ताई, माही गाडी नवी हाये. एसी कॅबिन. नागपूरलेच चाललो. चला!”

केबिनमध्ये क्लीनरखेरीज एकाचीच जागा होती. अंकितानं आजोबांकडे पाहिलं.

“तू जाय. माहा हात लागाले नको आता त्याले.”

रुईच्या गाठी लादलेला ट्रक हॉर्न देत महामार्गाला लागला. मागे पोरं आरडाओरडा करत धावली. बंडूजींनी लगेच कोंढाळीच्या ओळखीच्या ढाब्यावर फोन केला. “गुलाबची गाडी येऊन राह्यली. पान्याच्या बादल्या घेऊन रोडवर उभे राहा. हो, कुत्र्यासाठीच! हासता काय, लेकहो?”

कोंढाळीत खरंच सहा जण बादल्या घेऊन उभे होते. तिथून अंकिताचा फोन आला, “भिजवला, निघालो,” आणि कारंजात पुन्हा टाळ्या वाजल्या. बंडूजींनी सगळ्यांना चहा सांगितला. महादेवरावांनी घेतला नाही.

मग महादेवरावांच्या फोनवर बाजारगावहून अंकिताचा मेसेज आला. बंडूजींनी तो मोठ्यानं वाचला. “जीभ गुलाबी झाली. डोळे मिटलेत. घोरणं बंद आहे.”

“घोरनं बंद?” महादेवराव उठून उभे राहिले. “हे चांगलं का वाईट?”

बंडूजींनी फोन त्यांच्या हातात ठेवला.

दोन वाजता महादेवराव खाटेवर बसून होते. मांडीवर ओला दुपट्टा, कानाला अंकिताला लावलेला फोन. पलीकडे रिंग वाजत होती.