साठा नावाचा प्रोग्राम आणि काळी कोंबडी

सांगतो, पण तुम्ही मानणार नाई. माझ्या बायकोनं बी मानलं नाई, आन् तिनं चाळीस वर्षं माझ्यासंग संसार केला; म्हंजे खोटं पचवाची तिले सवय आहे.

मागच्या श्रावणातली गोष्ट. मी दवाखान्यात औषधाच्या कोठीवर. भर दुपारी चैतूची जीप दारात येऊन थांबली, इंजन चालूच. मागच्या सीटवर त्याची बायको मंगली. धानाच्या बांधीत निंदण करता करता घोणस चावली होती. पाय खांबासारखा सुजला, हिरड्यांतून रक्त. आन् आमच्या फ्रिजातलं सापाचं इंजेक्शन आदल्या आठवड्यातच संपलं होतं.

नर्स चंचलबाई जीपजवळूनच ओरडल्या, "देवाजीभाऊ, तीन दवाखाने, तीन दिशेले! इंजेक्शन कुठी आहे ते पाहा. चुकीच्या रस्त्यानं गेलो तं परत याले टाइम नाई."

टॉवर सकाळपासून बंद, फोन लागे ना. पण सगळ्या दवाखान्यांचा कालपर्यंतचा हिशेब कंप्युटरात उतरला होता. तो दाखवाचा प्रोग्राम या प्रणितनं बनवला. हाच, जो बाकाच्या टोकाले बसून भजे खाऊन राह्यला. त्या प्रोग्रामात ना चित्र, ना बटण. नुसता काळा पडदा. 'साठा' लिहाचं, पुढं डॅश, डॅशपुढं एक शब्द, मंग औषधाचं नाव. कोणता शब्द, ते या साहेबालेच माहीत!

मी नुसतं 'साठा' लिहिलं. पडदा म्हणे, पर्याय चुकीचा. 'शोध' लिहिलं. चुकीचा. 'कुठी' लिहिलं. चुकीचा. सातशे शब्द मारले बाबूहो, कीबोर्डातून धूर निघाला.

चैतू खिडकीतून म्हणे, "भाऊ, गाडी कोन्या बाजूनं वळवू, तेवढं तं सांगा."

"सांगतो रे."

"कवा?"

चंचलबाई बाहेरून म्हणाल्या, "मदत लिहून पाहा ना! सगळ्याच प्रोग्रामात राह्यते."

लिहिलं. पडद्यावर काय यावं? 'मदत: नंतर लिहू.' सांगा आता! माणूस मरून राह्यला आन् हे पोट्टं म्हणते, नंतर!

मंगली आतापर्यंत कण्हत होती. ते कण्हणं थांबलं. चैतू आत आला, माझ्या खुर्चीमागं उभा राह्यला. त्याले वाचता येत नाई, तरी पडद्याकडंच पाहून राह्यला होता.  एक डाव वाटलं, कोणत्याबी एका दवाखान्याचं नाव सांगून टाकू. तोंड उघडलंही. मंग मिटलं.

मंगलीची सासू बुधरी दारात बसली होती. इथी नाई जमलं तं विष उतरवाले पुजाऱ्याकडं न्यावं, म्हणून तिनं बगलेत काळी कोंबडी आणली होती. इंजन घरघरलं, कोंबडी बिचकली, फडफडत आली ते सरळ कीबोर्डावर. तिचा पाय पडला वरच्या बाणावर, आन् तो दाबूनच उभी राह्यली; माझे सातशे चुकीचे शब्द सरसर मागं गेले. आन् पहिले कवातरी कोणी याच इंजेक्शनसाठी लिहिलेली अख्खी कमांड पडद्यावर हजर! मी एन्टर दाबाले बोट उचललं, तं तो बी तिनंच चोचीनं मारला.

नदीकडच्या दवाखान्यात, दहा बाटल्या.

"नदीकडं!" म्हणून मी असा ओरडलो, की जीप चैतूच्या आधीच वळली. मंगली वाचली. पायाचं एक बोट गेलं, पण औंदा रोवणीले सगळ्यांच्या पुढं होती. आन् कोंबडीले बुधरीनं काई केलं नाई, ती अजून अंडे देते. त्याच संध्याकाळी मी बसलो आन् त्या प्रोग्रामात मदत लिहिली, माझ्या हातानं, बारा ओळी. कारण या आजकालच्या पोट्ट्यांले...

प्रणितनं भज्यांचा कागद खाली ठेवला.

"देवाजीभाऊ, कोंबडी मान्य. पाहिजे तं दोन घ्या. पण पडद्यावर 'नंतर लिहू' नव्हतं."

"मंग काय होतं?" बाकावरून कोणीतरी विचारलं.

"बारा ओळी मीच लिहिल्या होत्या, पहिल्या दिवशीच. यांनी पुसाले लावल्या. म्हणे, सगळं तिथीच वाचलं तं मले कोण इचारन? आन् त्या जागी एकच ओळ टाकाले लावली: 'देवाजीभाऊले विचारा.'"