निळ्या माशाच्या अंगावरचा रवा

निळा मासा दगडाजवळ आला, जरासा कलंडला, डावी कूस दगडाला घासली आणि अंगावरची मुंगी झटकावी तसा झटका देऊन पुढं सरकला. रुक्मिणीबाईंनी चहाचा कप ओठांपासून खाली घेतला. मासा टाकीला एक फेरी मारून पुन्हा त्याच दगडाशी आला. पुन्हा तीच कूस, तोच झटका. कल्ल्यांची उघडझापही नेहमीपेक्षा भरभर चालली होती.

"खाज येतेय याला," त्या म्हणाल्या.

"मग खाजवू दे की बिचाऱ्याला," यज्ञेश्वर पेपराआडून बोलले. "त्यालाही तुझी परवानगी लागते का?"

रुक्मिणीबाईंनी भिंग आणलं. काचेला नाक लावून शेपटी, पर, पोट सगळं न्याहाळलं. अंग स्वच्छ होतं. जरा फिकट, जरा धुरकट, पण स्वच्छ. ठिपका एकही नाही. मग खाज कशाची? यावेळच्या मिठाच्या पाकिटात काही गडबड असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही आणि आमच्या दिवाणखान्यात समुद्र आहे, हा यज्ञेश्वरांचा पाहुण्यांना सांगायचा ठरलेला विनोद. मैंदर्गीच्या एका पाहुण्यानं तर, समुद्राचा टँकर रत्नागिरीहून मागवता का, असं अगदी गंभीरपणे विचारलं होतं. खरं तर समुद्र बादलीत तयार होई. फिल्टरचं पाणी, त्यात समुद्राचं म्हणून मिळणारं मीठ, आणि रात्रभर ढवळत ठेवणारा छोटा पंप. ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर रुक्मिणीबाईंनी ही भिंतभर टाकी मांडली. तिच्यात केशरी क्लाउन माशांची जोडी होती, लांब पांढऱ्या मिशांची एक कोळंबी होती आणि आता हा नवा निळा टँग मासा.

टाकीचे नियम कडक होते. नवा मासा आला की महिनाभर मागच्या खोलीत, वेगळ्या छोट्या टाकीत. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी. महिन्याअखेर रुक्मिणीबाई त्याला भिंगाखाली बघणार, "पास" म्हणणार, मगच तो मोठ्या टाकीत. यज्ञेश्वरांकडं काम एकच होतं, उन्हानं उडून गेलेलं पाणी भरायचं. टाकीबद्दल मत देण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. एकदा त्यांनी क्लाउनला पोहे खाऊ घातले होते, तेव्हापासून.

संध्याकाळी भवानी पेठेतला सोमशेखर मिठाची नवी पाकिटं घेऊन आला. माशांचं दुकान त्याचं. कधीकाळी रुक्मिणीबाईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा.

"सोमशेखर, मासा तू फिका दिलास," रुक्मिणीबाईंनी दारातच सुनावलं. "याला काय निळा म्हणतात? राखाडी आहे."

"काय बोलताव मॅडम! एवढा निळा मासा माझ्या दुकानात कधी आलाच न्हाय. लई गिऱ्हाइकं मागं लागली होती. तुमच्यासाठी ठेवला की." तो टाकीशी गेला, वाकला आणि तसाच थांबला. "मॅडम, ह्याच्या अंगावर रवा सांडलाय."

"कुठं?"

"पाठीवर. परावर. शेपटीजवळ तर मुठीनं टाकल्यागत."

रुक्मिणीबाई पुढं झाल्या. पुन्हा भिंग. पुन्हा तो धुरकट, स्वच्छ मासा.

"मला दिसत नाही," त्या सावकाश म्हणाल्या.

पेपराची घडी झाल्याचा आवाज आला. "तो रवा होय?" यज्ञेश्वर म्हणाले. "तो तर मागच्या खोलीत होता तेव्हापासून आहे. मध्ये गेला होता, मग परत आला. परत गेला, परत आला."

"तुम्हाला दिसत होता?"

"न दिसायला काय झालं? मला वाटलं, त्याची डिझाइनच तशी आहे."

"येणारी-जाणारी डिझाइन?"

"आता मला काय माहीत! सरडा नाही का रंग बदलत?"

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"टाकीबद्दल बोलायचं नाही हा नियम कुणाचा?" यज्ञेश्वरांनी सोमशेखरकडं साक्षीदारासारखं पाहिलं. "शिवाय तू भिंग घेऊन तासभर बघत होतीस. मी म्हटलं, मॅडमना दिसलंय, मॅडमनी पास केलाय. कारकुनानं मध्ये बोलू नये."

सोमशेखरनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकावाटे बाहेर पडलं. रुक्मिणीबाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या.

ठिपके येतात, जातात, परत येतात. याहून स्पष्ट लक्षण पुस्तकातही नसतं. त्यांनी स्वतः फळ्यावर काढून दाखवावी अशी गोष्ट. परजीवी माशाच्या कातडीत शिरतो, खाऊन फुगतो, तेव्हा रव्याएवढा ठिपका दिसतो. पोट भरलं की गळून तळाशी जातो, भोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. लोकांना वाटतं, मासा बरा झाला. मग ते शेकडो कवच फोडून मासा शोधत निघतात. महिनाभर वेगळं ठेवायचं ते याच्यासाठीच. आणि महिनाभर ठेवून, रोज समोर बसून, त्यांनी तो रोग स्वतःच्या हातानं मोठ्या टाकीत सोडला होता.

"क्रिप्टोकॅरिऑन," त्या म्हणाल्या.

"हां, तेच ते," सोमशेखर म्हणाला. "ह्याच प्रश्नाला मला तुमी शून्य दिलं होतं."

"तू उत्तरात क्रिकेटर असं लिहिलं होतंस," त्या म्हणाल्या आणि उठल्या. आवाज वर्गातला झाला. "जाळी आण. तिन्ही मासे बाहेर. कोळंबी तिथंच राहू दे, कमी मिठात ती टिकणार नाही. मोठी टाकी दोनेक महिने माशांविना ठेवायची. खायला मासा मिळाला नाही की हे परजीवी उपाशी मरतात. आणि मासे छोट्या टाकीत, कमी मिठाच्या पाण्यात."

"किती कमी?"

"समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर. मासा ते सोसतो, परजीवी सोसत नाही. पण हळूहळू उतरवायचं, आणि उतरलं की काटेकोर राखायचं. वर गेलं तर परजीवी जगेल, खाली गेलं तर मासा थकेल."

मासे हलवले. दोन दिवस थोडं खारं पाणी काढायचं आणि थोडं गोडं घालायचं, असं चाललं. क्लाउनच्या जोडीलाही ठिपके दिसू लागल्याचं यज्ञेश्वरांनीच सांगितलं, आणि सांगताना, मत देऊ का, असं आधी हात वर करून विचारलं.

मग नेमकं मोजायची वेळ आली. खारेपणा मोजायची एक छोटी नळी असते. तिच्या काचेवर थेंब टाकून उजेडाकडं धरायची. आत वर निळं, खाली पांढरं दिसतं, आणि दोन्हींच्या सीमेवरचा आकडा वाचायचा. रुक्मिणीबाईंनी नळी खिडकीकडं धरली. आत निळं नव्हतं, पांढरं नव्हतं. दुधात पाणी मिसळावं तसं काहीतरी होतं. गेलं वर्षभर त्या मीठ मापानं घालत होत्या आणि नळीत नुसतं बघितल्यासारखं करत होत्या, हे त्यांना माहीत होतं. फक्त त्यांनाच माहीत होतं.

त्यांनी नळी यज्ञेश्वरांच्या हातात दिली.

"मी?" यज्ञेश्वरांनी चष्मा पुसला, नळी डोळ्याला लावली आणि जहाजाच्या कप्तानासारखे उभे राहिले. "वर काय सुंदर निळं आहे गं! रेघ नऊवर. नाही, नऊच्या केसभर वर."

"केसभर नको, नेमकं नऊच हवं. थोडं गोडं पाणी घाला."

"घातलं. आता नऊ. बरोब्बर नऊ. काय निळं आहे! तुझा टँगही अगदी असाच आहे बघ."

रुक्मिणीबाईंनी टँगकडं पाहिलं. त्यांना तो राखाडीच दिसत होता.

मोतीबिंदू पिकलाय, असं डॉक्टर सांगून बरेच दिवस झाले होते. गड्ड्याची जत्रा होऊ दे, ऊन कमी होऊ दे, पुण्याच्या लेकीला, आरोहीला, सुट्टी मिळू दे, अशी त्यांची कारणं होती. आणि सगळ्यांत हुकमी म्हणजे, माशांकडं कोण बघेल? खरं कारण त्यांनी आरोहीलाही सांगितलं नव्हतं. वर्गात दरवर्षी त्या माशाचा डोळा चिरून त्यातलं भिंग चिमट्यानं काढून दाखवत. गोल, साबुदाण्यासारखं. मुलं "ई" म्हणत आणि त्या म्हणत, "यात ई काय आहे?" आता दवाखान्याचं नाव निघालं की तो चिमटा डोळ्यांपुढं येई.

आठवडे गेले. मासे घासायचे थांबले, कल्ले शांत झाले, यज्ञेश्वर रोज कप्तान होत राहिले. दर गुरुवारची त्यांची अक्कलकोटची फेरीही चुकली. आकडा वाचायला दुसरं कोण?

"आता अंग एकदम साफ आहे हं," एका दुपारी ते छोट्या टाकीशी वाकून म्हणाले. "परत मोठ्या टाकीत सोडताना यांना पास कोण करणार? मी करू?"

"तुम्ही? तुम्हाला रोग डिझाइन वाटतो."

"आणि तुला रोग दिसतच नाही. छान मंडळ आहे परीक्षकांचं!"

रुक्मिणीबाई खळखळून हसल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसले, पण पुसूनही टँग राखाडीच राहिला. बाहेर दिवाणखान्यात मोठ्या टाकीत कोळंबी एकटीच मिशा हलवत हिंडत होती. मासे परत जायला अजून महिना होता. तोवर त्या टाकीत बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. मी ऑपरेशन करून घेते. आधी उजवा."