बाळंतिणीच्या खोलीतला हीटर

टक्.

एवढाच आवाज; पण बाळ नुकतंच झोपलेलं आणि घर असं चिडीचूप, की वीणाला तो अगदी कानाशी झाल्यासारखा वाटला. भिंतीवरच्या गॅस हीटरची ज्योत विझली होती. आठवड्यात तिसऱ्यांदा.

"गेला का मेला परत?" आई म्हणाली. "अमेरिकेची वस्तू म्हणे!"

पंच्याऐंशीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या अल्फारेटाला थंडीने असं गारठवलं होतं, की घरातली मूळची हीटिंग पुरेना. म्हणून वीणाच्या नवऱ्याने, श्रीरंगने, बैठकीच्या खोलीत हा धुराडं नसलेला हीटर बसवून घेतला. प्लंबरने प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं, आणि जाताना बजावलं, "खिडकी बोटभर उघडी ठेवा. या खोलीत झोपू नका. हवेतला प्राणवायू कमी झाला तर हा आपोआप बंद होतो."

पंधरा दिवसांनी बाळंतपणासाठी नागपूरहून आई आली. जन्मात पहिल्यांदा विमानात बसली, डिंकाचे लाडू मांडीवर घेऊन. आल्या आल्या तिने वीणाचं आणि नव्या बाळाचं अंथरूण उबेसाठी याच खोलीत घातलं, मग बोटभर उघडी खिडकी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बाळंतिणीला वारा?" आपल्या जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या करून तिने सगळ्या फटी बुजवल्या. दाराखाली टॉवेल कोंबला. मग बार्बेक्यूचे कोळसे मागच्या अंगणात पेटवून, लोखंडी तव्यात घालून आत आणायचे, त्यावर ओवा, वेखंड, बाळंतशोपा टाकायच्या आणि न्हालेल्या बाळाला धुरी द्यायची, हे रोजचं झालं.

वीणाला त्या वासाने माहेरी आल्यासारखं वाटायचं. डोकं मात्र दुखायचं. जागरण, दुसरं काय, असं ती मनाशी म्हणायची. खिडकीकडे बघताना कुठेतरी खुपायचंही. पण एवढ्या लांबून आलेल्या आईला 'हे करू नकोस' म्हणायला जीभ रेटत नव्हती.

श्रीरंग स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. "पीसच खराब निघाला यार. ऑफिसातला हेमचंद्र म्हणतो, तो प्राणवायूचा सेन्सर बायपास करून टाकू. दहा मिनिटांचं काम."

"बायपास म्हणजे?"

"म्हणजे मग बंदच होणार नाही."

वीणाने हीटरकडे पाहिलं. मग चिंध्यांकडे, तव्यातल्या लाल कोळशांकडे आणि दुपट्यातल्या त्या मुठीएवढ्या तोंडाकडे.

"हात लावू नकोस त्याला! तो बरोबर आहे, श्रीरंग. चुकतोय आपण. तो तवा बाहेर ने आधी."

बाळाला उचलून ती शेजारच्या खोलीत गेली आणि तिथली खिडकी सताड उघडली.

"अगं, बाळंतीण ना तू?" आई मागोमाग धावली. "वाऱ्यात काय उभी राहतेस?"

"आई, त्या खोलीत हवाच नाहीये. हीटर हवा खातो, कोळसे हवा खातात, वर विषारी वायू सोडतात. म्हणून तो विझतोय. माझं डोकं दुखतंय तेही..."

आई मटकन पलंगावर बसली. "म्हणजे मी लेकराचा श्वास कोंडत होते?"

"आपण सगळेच. मला दिसत होतं, आई. मी बोलले नाही."

"का नाही बोललीस? मी काय खाणार होते तुला?"

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आले. बाळ ठणठणीत होतं. डॉक्टर बाकी सगळ्यांवरच ओरडले. सोमवारी प्लंबरने हीटर तपासला, काही बिघडलं नव्हतं. चिंध्या काढल्या, अंथरूण शेजारच्या खोलीत हलवलं, खिडकी बोटभर उघडली आणि ज्योत लागली ती पुन्हा विझली नाही.

आईने धुरी सोडली असं नाही. आता ती मागच्या अंगणात श्रीरंगचं जाडजूड जॅकेट नि माकडटोपी घालून बसते, बाळाची झबली, टोपडी एकेक करून धुरावर धरते आणि कोळसे तिथेच विझवून घरात येते. "धूर कपड्यांना, ऊब बाळाला. सांग तुझ्या डॉक्टरांना."

धुरीच्या वासाचं झबलं बाळाला घालताना वीणाला हसू येत होतं. डोकं हलकं होतं. तिची थोरली, पाच वर्षांची नीला, जवळ बसून बाळाची बोटं मोजत होती. मोजता मोजता थांबली.

"आई, त्या दिवशी तू स्केअर्ड होतीस ना?"

"हो गं. खूप."

"पण आधी सांगितलं नाहीस." नीलाने अंगणातल्या माकडटोपीकडे पाहिलं, मग वीणाकडे. "तू जास्त कोणाला घाबरत होतीस? फायरला, की आजीला?"