अजून-घ्या मावशीची नात

कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे 'अजून-घ्या मावशी' म्हणायचे, आणि हे नाव काही फुकट पडलेलं नव्हतं. ताटात बोटभर जागा दिसली की हिचा डाव आलाच म्हणून समजा. माणूस 'नको नको' म्हणत दोन्ही हात ताटावर आडवे धरायचा, तर ही बोटांच्या फटीतून वाढायची. असल्या बाईला नात झाली ती ओंजळीत मावेल एवढी, दिवस भरायच्या आत घाईघाईने आलेली. आणि दवाखान्यात नातीचा खुराक काय, तर एका वेळेला एक मिली दूध.

"एक मिली? अहो सिस्टर, एवढं तर माझ्या डावाला चिकटून राहतं," मावशी म्हणाली.

"पोट कच्चं आहे, आजी. हळूहळू वाढवू."

पाजायची तऱ्हाही अजब. पोरीच्या तोंडातून पोटात बारीक नळी सोडलेली, नळीला वर दट्ट्या काढलेली सिरिंज. ती सिरिंज हातात उंच धरायची आणि दूध आपलं आपण उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. सूनबाई खुर्चीत बसून निमूट धरायची, आणि मावशीचा जीव बघूनच कासावीस व्हायचा. त्यात सुनेला दूधही थेंबथेंबच येत होतं. मग मावशीने आपलं डोकं चालवलं. हात स्वच्छ धुऊन, तोंडाला मास्क लावून ती मोठ्या ऐटीत आत आली आणि पिशवीतून पावडरच्या दुधाचा डबा काढला.

"घ्या. आता माझ्या नातीला पोटभर पाजा."

सिस्टर रागावली नाही. मावशीला बाजूला बसवून तिने नीट सांगितलं, "एवढ्या लवकर आलेल्या बाळाला पावडरचं दूध दिलं तर आतड्याला सूज यायचा धोका वाढतो. सूज वाढली तर आतडं सडतं, आजी, बाळाच्या जिवावर बेततं. आईचं दूध सगळ्यात बरं. ते कमी पडलं तर दूधपेढीतून दुसऱ्या आईचं आणू. तेही हळूहळूच."

डबा पिशवीत परत गेला. मावशीचं तोंड एवढंसं झालं.

आणि नेमकं त्याच दुपारी पोरीचं पोट फुगलं. आईचं दूध मिळूनही असं होऊ शकतं म्हणे. डॉक्टरांनी दूध बंद केलं, सलाईन लावली, पोटाचा एक्स-रे काढला. आता पोट उतरतंय का आणि शी होतेय का, एवढीच वाट बघायची. सूनबाई रडत होती. डबा उघडलाही नव्हता, तरी आपल्याच घाईने घोळ घातला असं मावशीला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली खरी, पण लक्ष कुठे ठिकाणावर? ताटं पुढे येत होती आणि डाव पातेल्यातच.

"मावशी, आज आम्हाला उपाशी ठेवायचा बेत आहे का?" फिटर म्हणाला. त्याने जन्मात पहिल्यांदा मागून घेतलं होतं.

तेवढ्यात सुनेचा फोन आला. मावशीने ऐकलं, डोळे पुसले, आणि भरल्या कँटीनला मोठ्याने सांगून टाकलं, "माझ्या नातीला शी झाली! पोट मऊ पडलंय. फोटोतही आतडं ठीक दिसतंय."

माणसांच्या तोंडात घास होते. फिटरने हातातली वाटी जपून खाली ठेवली. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं कँटीन हसायला लागलं. मावशी एवढी खूश झाली की त्या दिवशी कुणाच्याच ताटाची धडगत राहिली नाही.

तपासण्या झाल्या, डॉक्टरांची खात्री पटली, तेव्हा दूध पुन्हा सुरू झालं. पुन्हा एक मिलीच. सूनबाईचा हात भरून आला, तशी सिस्टर म्हणाली, "आजींना धरू दे की."

मावशीने सिरिंज धरली. आयुष्यभर पातेली उचललेला हात, पण आता जरासुद्धा हलत नव्हता. नळीतून दूध मुंगीच्या चालीने उतरत होतं.

"हळू घे गं बाळा," ती म्हणाली, "कुणी पळवून नेत नाही."

सुनेला किती दिवसांनी हसू फुटलं. "आई, अजून वाढायचं का?"

"ते डॉक्टरांना विचार," मावशी म्हणाली. सिरिंज केव्हाच रिकामी झाली होती, तरी तिचा हात तसाच वर होता.