बिनडोळ्याचं बेणं

खण्! खलात बत्त्याचा पहिला ठोका पडला आणि दुपारभर गप्प असलेलं घर दचकलं. ठोका रुख्माच्याच हातचा होता. लेकीच्या लग्नाची हळद आईने कुटायची, ही बिरसी गावातल्या त्या घराची रीत. खलातली हळद मात्र गोंदियाच्या बाजारची होती. पिवळीजर्द, वाळून खडखडीत झालेली, कोणाच्या वावरातली कोण जाणे.

नऊ वर्षांची सुमित्रा खलाला टेकून बसली होती. हातात नव्या बांगड्या. परवा तिचं लग्न.

"हळू कूट व, उडून राहिली," सासू देवकाबाई उंबऱ्यातून म्हणाली. "एवढी महाग आणली, भुईले खाऊ घालतं का?"

रुख्माने मान खाली घातली. भुईला काय खाऊ घातलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक होतं.

गेल्या सालच्या माघातली गोष्ट. घरामागच्या बारीत, परसातल्या वाफ्यांत, हळद खणताना तिने सुमीला एक गड्डा दाखवला होता. "हे मूळ नाही बरं का, बाई. हे खोड हाये, मातीत लपून बसलेलं. अंगावरची वळी पाह्य. वळी-वळीवर डोळा. डोळा हाये म्हणून कोंब फुटते."

सुमीने बोट ठेवून डोळे मोजले. सात निघाले.

"आन या?" गड्ड्याखाली दोऱ्यासारख्या मुळ्या लोंबत होत्या. त्यांच्या टोकाला पांढऱ्या, बोराएवढ्या गाठी.

"त्या मुळ्या. यायले वळी नाही, डोळा नाही. पाणी ओढा, गड्ड्याले पोसा, एवढंच यायच्या नशिबात. तोडून लावल्या त सडून जातीन."

बोलता बोलता तिला आपली मोठी बहीण आठवली. जमुना. नवव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी बाळंतपण, आणि त्याच खाटेवरून स्मशान. रुख्माने त्या पांढऱ्या गाठी बैलांपुढे टाकल्या नाहीत. रांजणाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवल्या.

कारण देवकाबाईची रीत पक्की होती: पोरीच्या अंगाला घरच्याच बारीतली, त्याच सालची हळद लागायची, आणि ती आईनेच लावलेली असायची. आमगावच्या सोयऱ्यांशी बोलणं झालेलं होतं, पुढच्या माघात नवी हळद निघाली की लग्न. हळदच निघाली नाही तर? एक साल. एक साल का थोडं असतं?

जेठात सासू भावाकडे गेली, तेव्हा रुख्माने बेण्यासाठी राखलेल्या गड्ड्यांची पाटी गावच्या बोडीतल्या पाण्यात रिकामी केली. गड्डे बुडबुड करत तळाशी गेले. मग तिने वाफ्यात त्या मुळ्यांच्या गाठी लावल्या. सुमी टोपली धरून होती. एकदा ती थांबली, गाठ उलटीपालटी करून पाहिली, आईकडे पाहिलं, आणि पुन्हा एकेक गाठ पुढे करू लागली. लेकरू विसरलं असेल, असं रुख्माने मानून घेतलं.

श्रावणात शेजारच्या बारीत हळद गुडघ्याएवढी झाली. यांचे वाफे उघडेच. देवकाबाईने माती उकरली तर हाताला नुसता लगदा लागला. लगदा झटकून ती वाफ्यातून उठली. मग म्हणाली, "या साली लगन नाही. बाजारच्या हळदीनं या घरची पोर कधी न्हाली नाही."

त्या दिवशी रुख्मा पोटभर जेवली.

पण कार्तिकात नवरा, उदाराम, गोंदियाहून धापा टाकत आला. "सरकारनं कायदा केला! चैत लागला का चौदाच्या आतल्या पोरीचं लगन बंद. केलं त जेल. सोयऱ्यायचा निरोप हाये, फागणातच उरकू."

"मंग चौदाची होऊ द्या ना," रुख्मा बोलून गेली. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापुढे तिचा आवाज चढला. "सरकारच म्हणते त!"

"येडी झाली का व? पाच साल कोण थांबते? सरकार देईन का नवरदेव?"

संध्याकाळी देवकाबाई बारीतल्या उघड्या वाफ्यांवरून एक चक्कर मारून आली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आणा बाजारची. रीत गेली चुलीत."

पोरींना वाचवायला निघालेल्या कायद्यानेच तिची पोर ओढून नेली. आणि रुख्माने ज्या रितीच्या आधाराने एक साल चोरलं होतं, ती रीत एका संध्याकाळी मोडली.

खण्. खण्. हळद आता भुकटी झाली होती. सुमीने बोट बुडवून गालाला लावलं आणि हसली. रुख्माने ते बोट हातात धरलं. केवढंसं बोट, अजून नखाखाली खेळातली माती. तिला ते सोडवेना. शेवटी सोडलं आणि पुन्हा बत्ता उचलला.

"सारं गाव हळद खणून राहिलं," देवकाबाई पुटपुटली. "आपलीच काऊन नाही उगवली? कोणाचं पाप भोवलं, देव जाणे."

सुमीने आजीकडे पाहिलं. मग आईकडे. शहाण्या मुलीसारखं, आठवून आठवून ती म्हणाली, "माय, मुळीले डोळा नसते, लावली त सडते, असं तूच त सांगतली होती ना?"

बत्ता हवेतच थांबला. उंबऱ्यातली म्हातारी वळली.

"मंग त्या दिवशी आपण मुळ्याच काऊन लावल्या?"